शाप, दत्तक आणि निदान

बंगळूरात आम्ही राहतो त्या गल्लीच्या तोंडाशी एक अश्वत्थकट्टा आहे. पिंपळ आणि निंब एकमेकांत गुंतून वाढलेले, त्यांच्या भोवती दगडी पार, आणि पारावर ओळीने मांडलेले नागांचे कोरीव दगड. एखाद्यावर फणा काढलेला एकच नाग, एखाद्यावर एकमेकांना विळखा घातलेले दोन. कानडीत या दगडांना ‘नागरकल्लु’ म्हणतात. कचेरीला जाण्याची माझी रोजची वाट या पारावरूनच जाते. पहिली दोन वर्षे मला त्यात जुन्या कोरीव कामाचा एक नमुना याहून अधिक काही दिसले नाही. मग एके दिवशी शेजारच्या अज्जींनी मला थांबवून सांगितले, “यातला एकेक दगड एकेका बाईने मूल व्हावे म्हणून बसवला आहे बरे. तूही एकदा घाटी सुब्रह्मण्याला जाऊन ये.” घाटी सुब्रह्मण्य हे दोड्डबळ्ळापुराजवळचे क्षेत्र. तेथे तर अशा दगडांची रांगच्या रांग लागलेली आहे. म्हणजे इतके दिवस मी ज्याला शिल्प समजत होते ते वस्तुतः अर्जांचे दप्तर होते. केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या बाईला समोरचे दप्तर ओळखू यायला दोन वर्षे लागावीत, याचे माझे मलाच नवल वाटले.

त्या सुमारास माझ्या नावाचाही एक कागद तयार झाला होता. लग्नाला पाच वर्षे होऊन गेली होती, आणि एका तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा अहवाल पाहून त्यावर चार इंग्रजी अक्षरे लिहिली: पी. सी. ओ. एस. बीजांडकोशांत पुष्कळ बारीक पुटकुळ्या असण्याचा विकार, असा त्याचा ढोबळ अर्थ. मी मूळची बेळगावची. धारवाडला इतिहास हा विषय घेऊन बी. ए. झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक खोड असते. स्वतःवर काही ओढवले की आपल्या आधी हे कुणाकुणावर आले होते, आणि त्यांनी त्याचे काय केले, हे तो शोधू लागतो. शनिवार-रविवारी आणि कचेरीच्या मधल्या सुटीत मी जे वाचले, त्याचा हा वृत्तांत आहे. त्यात माझे दुःख थोडेसे येईल. पण विषय माझ्या दुःखाहून फार जुना आहे.

आरंभ बंगळूरच्याच एका मराठी माणसापासून करते. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. हा इतिहास येथील मराठी मंडळी अभिमानाने सांगतात. पण शहाजीराजांच्या नावाची कथा सांगताना ती थोडी घाईने सांगितली जाते. मालोजीराजे व उमाबाई यांना पुष्कळ वर्षे मूल नव्हते. तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस केला गेला, आणि पुढे झालेल्या दोन मुलांची नावे त्या पीराच्या नावावरून शहाजी व शरीफजी अशी ठेवली, असे बखरी व परंपरा सांगतात. नवसाने मूल झाले की नवसानंतर झाले, हा वाद मी घालत नाही. मला त्या कथेत एवढेच दिसते की भोसल्यांच्या घरातील एक बाई काही वर्षे ‘मूल नाही’ या दोन शब्दांखाली वावरत होती, आणि तिने आपल्या धर्माच्या कुंपणापलीकडे जाऊनही दार ठोठावले. ती वर्षे तिने कशी काढली याविषयी बखरकाराने एक ओळही लिहिलेली नाही. त्याला जन्मलेल्या मुलाशी कर्तव्य होते.

बंगळूराहून दक्षिणेकडे म्हैसूरला गेले म्हणजे याहून दारुण कथा भेटते. १६१० साली राजा ओडेयर यांनी श्रीरंगपट्टण घेतले. तेथील विजयनगरच्या सुभेदाराची पत्नी अलमेलम्मा आपले दागिने घेऊन निघाली. ते दागिने श्रीरंगनायकीच्या उत्सवात देवीच्या अंगावर घातले जात, म्हणून राजाने ते मागवले. माणसे मागावर आली तेव्हा तिने कावेरीत उडी घेतली, आणि उडी घेताना तीन शाप दिले: तलकाडू वाळूत बुडेल, मालंगीला भोवरा पडेल, आणि म्हैसूरच्या राजांना संतती होणार नाही. तलकाडूची देवळे खरोखरीच वाळूखाली गेली. भूगर्भाचे जाणकार त्याची कारणे नदीचा ओघ, वारा आणि वरचे बंधारे यांत शोधतात. लोकांना मात्र ती वाळू म्हणजे शापाची पोचपावतीच वाटली. राजघराण्यातही अलमेलम्मेची मूर्ती करून तिची पूजा करण्याचा प्रघात पडला.

हा शाप इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे. तिसऱ्या कृष्णराजांना गादीचा औरस वारस नव्हता. त्यांनी १८६५ साली दोन वर्षांच्या चामराजेंद्रांना दत्तक घेतले. चामराजेंद्रांना मात्र मुलगे झाले. त्यांपैकी चौथे कृष्णराज १९४० साली निपुत्रिक वारले आणि पुतणे जयचामराज गादीवर आले. त्यांना मुलगा झाला, तो श्रीकंठदत्त. श्रीकंठदत्त २०१३ साली निपुत्रिक वारले, आणि २०१५ साली त्यांच्या पत्नी प्रमोदादेवी यांनी यदुवीर यांना दत्तक घेतले. यदुवीरांना २०१७ च्या डिसेंबरात मुलगा झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘शाप सुटला’ असे मथळे दिले. परंतु या यादीकडे कारकुनाच्या नजरेने पाहिले म्हणजे एक चूक लगेच ध्यानात येते. जयचामराजांना मुलाखेरीज पाच मुली होत्या. यदुवीर हे त्यांतल्याच एकीचे नातू. मग संतती नव्हती असे कसे? शापाच्या या नोंदवहीत मुलींचा रकानाच आखलेला नव्हता. ‘मूल नाही’ या शब्दांत कित्येकदा ‘मुलगा नाही’ एवढाच मजकूर असतो.

आपल्या मराठी राज्यांना तर याच एका रकान्यापायी प्राणाला मुकावे लागले. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे शहाजीराजे, म्हणजे अप्पासाहेब, वारले. मरणापूर्वी काही तास त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो मानला नाही आणि सातारचे राज्य खालसा केले. झाशीच्या गंगाधररावांचा पोटचा मुलगा तान्हेपणीच गेला होता. त्यांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी दत्तक घेतला आणि दुसऱ्या दिवशी देह ठेवला. झाशीही गेली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि नागपूर गेले. १८५५ साली तंजावरचे शिवाजीराजे वारले. त्यांनी अनेक विवाह केले होते. मुली होत्या, पण मुलगा नव्हता. तंजावरच्या राणी कामाक्षीबाई यांनी कंपनी सरकारविरुद्ध मद्रासच्या न्यायालयात दावा लावला आणि जिंकलाही. परंतु १८५९ साली लंडनच्या प्रीव्ही कौन्सिलने तो फिरवला. राज्य घेणे हे राज्यकर्त्याचे कृत्य आहे, न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, असा तो निकाल होता. सत्तावन्नचा वणवा पेटून विझल्यावर, १८६२ साली, कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. म्हैसूरचा दत्तक १८६७ साली मान्य झाला. सातारा, झाशी, नागपूर, तंजावर यांना मात्र तो उशीर भोवला.

या सगळ्या प्रकरणांत राजे, रेसिडेंट, वकील, गव्हर्नर जनरल हे भरभरून बोलतात. राण्यांपैकी ज्या बोलल्या त्या गादीसाठी. त्यांच्या देहात काय चालले होते हे कुणी विचारले नाही. एका राजाच्या पाच-पाच, सात-सात राण्यांना मूल होत नसेल, तर दोष एकाच माणसात असण्याचा संभव अधिक, एवढा साधा हिशेब तेव्हा कुणी मांडला नाही. मांडला असता तरी तो मोठ्याने वाचण्याची सोय नव्हती. आज त्या राण्यांना माझा विकार चिकटवणे हा इतिहासाचा धर्म नव्हे. परंतु मूल न होण्याचे तीन उपाय आपल्या समाजापाशी होते, असे म्हणता येईल: नवस, सवत आणि दत्तक. कारण शोधणे हा चौथा उपाय पुष्कळ मागाहून आला.

अगदीच आला नाही असेही नाही. काश्यपसंहिता हा स्त्रिया व बालके यांच्या आरोग्याचा प्राचीन ग्रंथ शतकानुशतके हरवल्यासारखा होता. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून तो १९३८ साली छापून निघाला. त्यात रेवतीकल्प नावाच्या अध्यायात ‘पुष्पघ्नी’ नावाच्या पीडेचे वर्णन आहे. जिचा ऋतू येतो पण फळाला येत नाही, आणि जिचे गाल भरदार व केसाळ असतात, अशी ती स्त्री. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. हनुवटीवर उगवणारे दोन-चार राठ केस चिमट्याने उपटून टाकणे आणि त्याविषयी कुणाशीही न बोलणे, हे मी विसाव्या वर्षापासून करीत आले आहे. त्या जुन्या वैद्याने केस आणि वंध्यत्व यांचा संबंध पाहिला होता. त्याचे कारण मात्र त्याने ‘जातहारिणी’ नावाच्या रेवतीच्या रूपावर, म्हणजे एका ग्रहपीडेवर, सोपवले. डोळे शास्त्रज्ञाचे आणि उत्तर मांत्रिकाचे, असे प्राचीनांच्या बाबतीत पुष्कळदा होते.

युरोपातही हेच थोडे उशिराने घडले. १७२१ साली इटलीतील वैद्य व्हालिस्नेरी याने एका तरुण, विवाहित, किंचित स्थूल आणि मूल न झालेल्या शेतकरीण बाईचे वर्णन लिहून ठेवले. तिचे बीजांडकोश नेहमीपेक्षा मोठे, उंचसखल, चकचकीत आणि कबुतराच्या अंड्यांसारखे पांढरे होते. १९२१ साली पॅरिसच्या अशार आणि तिएर या दोघांनी दाढी येणाऱ्या मधुमेही स्त्रियांविषयी लिहिले. साखर आणि केस यांची गाठ तेथे प्रथम पडली. पण ती कुणी उलगडून पाहिली नाही.

खरे नाव मिळाले ते १९३५ साली. शिकागोचे डॉक्टर स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी सात स्त्रियांची हकीकत छापली. पाळी येत नाही किंवा चुकतमाकत येते, मूल होत नाही, काहींच्या अंगावर केस अधिक, आणि दोन्ही बीजांडकोश मोठे होऊन पुटकुळ्यांनी भरलेले. तपासणीसाठी त्यांनी या कोशांचा पाचरीसारखा तुकडा कापून घेतला, तर त्यानंतर पाळी सुरू झाल्याचे त्यांना आढळले. मग तीच शस्त्रक्रिया त्यांनी उपाय म्हणून केली. सातही जणींची पाळी पूर्ववत झाली आणि दोघींना दिवस गेले. पुढील तीस वर्षे जगभर हाच उपाय चालला. त्यात एक तोटा होता. कापलेल्या जागेभोवती आतली इंद्रिये एकमेकांना चिकटत, आणि मूल व्हावे म्हणून केलेली शस्त्रक्रिया कधी कधी मूल न होण्याचे नवे कारण होऊन बसे.

१९३५ हे साल बंगळूरच्या लोकांनी आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. त्याच वर्षी व्हिक्टोरिया इस्पितळाच्या शेजारी वाणीविलास हे स्त्रियांचे व मुलांचे इस्पितळ सुरू झाले. ज्यांच्या नावाचे ते आहे त्या महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी, चामराजेंद्र अकाली गेल्यावर, १८९५ ते १९०२ या काळात मुलाच्या वतीने राज्य चालवले होते. त्याआधी ११ जून १९३० रोजी म्हैसूर सरकारने संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला होता. सरकारने स्वतः उघडलेली अशी ही जगातील पहिलीच केंद्रे मानतात. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ पासून एकट्याने, समाजाचे शिव्याशाप खात, हेच काम चालवले होते. नको असलेले मूल टाळण्याचा विचार या देशात असा धिटाईने सुरू झाला, याचे श्रेय म्हैसूरला आणि कर्व्यांना दिलेच पाहिजे. पण हवे असलेले मूल न होणाऱ्या बाईचा विचार मागे पडला तो पुढे कित्येक दशके मागेच राहिला. लोकसंख्या वाढते अशी ओरड असलेल्या देशात वंध्यत्व ही सरकारला अडचण वाटत नाही, एखादे वेळी सोयच वाटते. सरकारी नोकर म्हणून मला हे तर्कशास्त्र समजते. बाई म्हणून समजत नाही.

सुरीची जागा गोळीने घेतली ती १९६१ नंतर. अमेरिकेतील जॉर्जियाचे डॉक्टर ग्रीनब्लाट यांनी क्लोमिफीन या औषधाने स्त्रीबीज सुटते असे दाखवले, आणि १९६७ साली अमेरिकन सरकारने ते औषध मान्य केले. तरीही विकाराचे मूळ कोठे आहे हा प्रश्न उरलाच होता. १९८० साली टेनेसीतील मेम्फिस येथे बर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन जितके अधिक, तितके पुरुषी संप्रेरकही अधिक. पॅरिसच्या त्या जुन्या निबंधातील गाठ साठ वर्षांनी सुटू लागली.

येथे थोडे स्पष्टीकरण देणे अवश्य आहे, कारण मला ते कुणी वेळेवर दिले नव्हते. दर महिन्याला बीजांडकोशात बीज धरणाऱ्या काही पिशव्या वाढू लागतात, त्यांतली एक पुढे जाते, फुटते, आणि बीज बाहेर पडते. या विकारात शरीर इन्सुलिनला पुरेसे जुमानत नाही, म्हणून ते अधिक तयार होते. त्या अधिक इन्सुलिनमुळे बीजांडकोश पुरुषी संप्रेरके जास्त बनवतो, आणि वाढू लागलेल्या पिशव्या मध्येच थांबतात. सोनोग्राफीत पुटकुळ्या म्हणून दिसतात त्या याच अडून राहिलेल्या पिशव्या. म्हणजे नावातच चूक आहे. त्या गाठी नव्हेत, ती थांबलेली बीजे आहेत. २००३ साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी ठरवले की पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतले चित्र या तिन्हींपैकी दोन असली, आणि तशीच लक्षणे दाखवणारे दुसरे विकार नाहीत अशी खात्री झाली, तर हे निदान करावे. मूल होण्याच्या वयातील शंभरातल्या ८ ते १३ स्त्रियांना हा विकार असतो, असा अंदाज आहे. म्हणजे आमच्या कचेरीच्या प्रत्येक मजल्यावर माझ्यासारखी एखादी तरी असणारच. आम्ही एकमेकींना ओळखत नाही, इतकेच.

आता माझी एक तक्रार. या तज्ज्ञ बाईंकडे जाण्यापूर्वी दोन वर्षे मी दुसऱ्या एका दवाखान्यात जात होते. तेथील डॉक्टरांनी माझ्याकडे एक नजर टाकून सांगितले होते, “हा आजार लठ्ठ बायकांचा. तुम्ही तर काडीसारख्या आहात.” ती दोन वर्षे गेली ती गेली. याचे उत्तर मला पुण्याच्या संशोधनात सापडले. पुण्याच्या के. ई. एम. इस्पितळातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलो वजनाची, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली मुले लहानखुरी आणि स्नायूंनी कमी, पण अंगावरची चरबी त्या मानाने राखून असलेली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या पत्रिकेत याज्ञिकांनी आपले इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांच्यासह स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची व वजन यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून स्थूल, असा हा आपला भारतीय बांधा. इन्सुलिनची ती अडचण बारीक माणसातही असू शकते, हे त्या एका छायाचित्राने जगाला शिकवले. मी ते छायाचित्र कापून कचेरीतल्या खणात ठेवले आहे. साखरभात आणि चहातली साखर सोडून रोज पाऊण तास चालण्याचा कंटाळा आला, की ते काढून पाहते.

औषधांच्या इतिहासात आमच्या सरकारच्या राजपत्रालाही एक पान आहे. लेट्रोझोल हे मूळचे स्तनांच्या कर्करोगाचे औषध. २००१ च्या सुमारास ते बीज सुटण्यासाठी वापरता येते असे कॅनडात दिसून आले. भारतात ते या कामी वापरण्यास २०११ च्या ऑक्टोबरात मनाई झाली. मनाई चालू असतानाच, २०१४ साली, अमेरिकेत ७५० स्त्रियांवर केलेल्या तुलनेचा निष्कर्ष आला. या विकारात लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफीन घेणाऱ्या १९.१ टक्के स्त्रियांना. भारतातील मनाई २०१७ साली उठली. अधिसूचना निघायला किती सह्या लागतात आणि एकेक सही कुठे कुठे पडून राहते हे मला ठाऊक आहे. त्या सहा वर्षांत ज्यांचे वय पस्तिसावरून एक्केचाळिसावर गेले, त्या बायकांचा त्या फायलीत कोठेही उल्लेख नसेल, हेही ठाऊक आहे.

गोळ्यांनी भागले नाही तर शेवटची पायरी परीक्षानळीची. तिच्या इतिहासाचा एक धागा बंगळूरपर्यंत येतो, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, जगातील पहिल्या अशा बालिकेनंतर अवघ्या ७० दिवसांनी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने ‘दुर्गा’ जन्मली. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला. परदेशी परिषदेला जाण्याची परवानगी मिळाली नाही, आणि त्यांची बदली झाली ती नेत्ररोगाच्या संस्थेत. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने हर्षा जन्मली, आणि भारतातील पहिली परीक्षानळी-बालिका म्हणून तिची नोंद झाली. आनंदकुमार पुढे बंगळूरात स्थायिक झाले. त्यांच्या हाती मुखोपाध्यायांची टिपणे आली. त्यांनी ती नीट तपासली आणि १९९७ साली, बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या पत्रिकेत, पहिला मान माझा नव्हे, त्यांचा आहे, असे लिहून प्रसिद्ध केले. स्वतःच्या नावावर लागलेला मान स्वतःच्या हाताने पुसून दुसऱ्याच्या नावे चढवणारा माणूस सरकारी दप्तरात सहसा आढळत नाही. ज्या शास्त्राकडे मला कदाचित जावे लागेल, त्याच्या पायाशी एक अन्याय आहे आणि त्या अन्यायाची अशी भरपाईही आहे, हे कळल्याने मला त्या शास्त्राची भीती थोडी कमी वाटू लागली.

आता माझ्यापुरते थोडे. गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुलीचे डोहाळजेवण मल्लेश्वरमला झाले. ओटी भरायला एकेका सवाष्णीला बोलावले जात होते. माझी पाळी आली तेव्हा एका वडीलधाऱ्या आत्याबाईंनी “तू जरा आत जाऊन पंगतीचे पाहतेस का गं?” असे म्हणून मला गोडीने स्वयंपाकघरात धाडले. मी पंगतीचे पाहिले. आत्याबाई दुष्ट नाहीत. गर्भारणीला माझी सावली बाधू नये एवढाच त्यांचा हेतू होता. अलमेलम्मेच्या शापावर चारशे वर्षे विश्वास ठेवणारे लोकही दुष्ट नव्हते. शाप ही कल्पना कारणाच्या रिकाम्या जागी बसते. कारण कळले की तिने उठावे, अशी अपेक्षा असते. पण बसायची सवय झालेला माणूस सहजी उठत नाही.

घरी मात्र एक गोष्ट घडली. सासूबाई कऱ्हाडहून आल्या होत्या. त्यांनी सारे अहवाल पुढ्यात घेतले आणि मुलाला विचारले, “आणि तुझी तपासणी रे? ती कधी केलीस?” ती केली नव्हती. सर्वांत सोपी, स्वस्त आणि बिनदुखापतीची तपासणी पाच वर्षे मागे राहिली होती, आणि ते कुणाच्या ध्यानातही आले नव्हते. डॉक्टरांच्याही नाही, माझ्याही नाही. दुसऱ्याच आठवड्यात ती झाली. तीत दोष निघाला नाही. पण दोष निघाला की नाही हे माझ्या लेखी दुय्यम होते. साताऱ्याच्या, झाशीच्या, तंजावरच्या वाड्यांत जो प्रश्न कुणी उच्चारला नाही, तो कऱ्हाडच्या एका सातवी शिकलेल्या बाईने आमच्या दोन खोल्यांच्या घरात मोठ्याने उच्चारला. इतिहास पुढे सरकतो तो कधी कधी इतकाच सरकतो.

दत्तकाचाही विचार आम्ही बोलून ठेवला आहे. त्यातही पुष्कळ पाणी वाहून गेले आहे. १९५६ च्या कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची मोकळीक झाली आणि नवऱ्याला बायकोची संमती आवश्यक ठरली. २०१० च्या दुरुस्तीने विवाहित स्त्रीलाही, पतीच्या संमतीने, स्वतः दत्तक घेता येऊ लागले. आमच्या रजेच्या नियमांत ४३-ब या क्रमांकाचा एक नियम आहे. त्याप्रमाणे दोनांहून कमी मुले असलेल्या महिला कर्मचाऱ्याने एक वर्षाच्या आतील मूल दत्तक घेतले, तर तिला १८० दिवसांची रजा मिळते. हा नियम मी दुसऱ्यांच्या अर्जांवर कित्येक वेळा लिहिला आहे. डलहौसीने ज्या नात्याला नाते म्हणून मानले नाही, त्याला आज सहा महिन्यांची भरपगारी रजा मिळते, ही गोष्ट लहान नव्हे.

औषधाची चौथी पाळी चालू आहे. काय होईल ते होईल. या विकाराच्या पुष्कळ स्त्रियांना, उपचारांनी अथवा त्यांच्याशिवायही, आज ना उद्या मूल होते, असे डॉक्टरीणबाई सांगतात. मी तो आकडा माझ्यावर लावून पाहण्याचे सोडून दिले आहे. परवा सकाळी कचेरीला जाताना पारावर एक नवा दगड दिसला. हळदकुंकू ताजे होते, आणि एक माझ्याच वयाची बाई त्याला दूध वाहत होती. मी थांबले. दोघींची नजरानजर झाली. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. पण कचेरीत पोचल्यावर मला वाटले, बोलायला हवे होते. पाळी नियमित येते का, रक्ताची तपासणी केली आहे का, घरधन्यांची केली आहे का, एवढे तीन प्रश्न मोडक्या कानडीत मला विचारता आले असते. दगड तिथेच राहिला असता, नागालाही राग आला नसता. उद्या ती भेटली तर विचारीन.